मुळशीच्या आधी टँकर

प्रश्न : मी ४२ वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी, बालेवाडीत तीन बेडरूमचा फ्लॅट, गृहकर्ज मार्चमध्ये फिटलं. तरी रविवारी दुपारी भकास वाटतं. वडिलांनी नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत संसार केला, पण समाधानी होते. टिळक-आगरकर पंचाहत्तर रुपयांवर राहिले. पैशाचा आणि सुखाचा संबंधच नाही, असं वाटू लागलंय. नोकरी सोडून मुळशीला जमीन घ्यावी म्हणतो. बायकोला पटत नाही, आई काही बोलत नाही.
— एक वाचक, बालेवाडी (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : आधी मुळशीचं बघू. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. तुमच्या घरात कुणाचं नाव सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर उरतो बंगल्याचा प्लॉट. म्हणजे पुन्हा खरेदीखत, कंपाउंड, बोअर, राखणदार. वस्तूंना कंटाळलेला माणूस सगळ्यात मोठी वस्तू घ्यायला निघालाय, हे तुमच्या बायकोला दिसलेलं आहे.

वडील समाधानी होते म्हणता. असतीलही. पण वाड्यातलं समाधान आठवतं ते बहुधा मुलग्यांना. एकदा आईंना निवांत विचारा, पाणी किती वाजता यायचं आणि कोण भरायचं. माझं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, संडासाला चार बिऱ्हाडांची रांग. लग्नानंतर स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ पहिल्यांदा सोडला, तेव्हाचा आनंद निव्वळ पैशाचा होता. अजून पुरतोय.

संशोधकही यावर भांडले आहेत. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये लिहिलं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजचं सुख वाढत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ म्हणाले, वाढतच राहतं. मग किलिंग्सवर्थ आणि कानमन यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र बसून २०२३ मध्ये निबंध लिहिला. (पुण्यात असं घडल्याचं ऐकिवात नाही.) त्यांना दिसलं ते असं : बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर चढतं; सर्वांत दुःखी असलेल्या गटाचं मात्र एका मर्यादेनंतर थांबतं. पैशाने जाण्यासारखं दुःख तोवर गेलेलं असतं. विरह, मृत्यू, नैराश्य उरतं. तुमची भकास दुपार रोजचीच झाली, झोप आणि भूक उडाली, तर हे सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पत्रावरून तसं वाटत नाही.

माझी नोकरी बँकेत झाली, बराच काळ कर्जविभागात. शेवटचा हप्ता भरून लोक घराची मूळ कागदपत्रं न्यायला यायचे. पेढे आणायचे, सह्या करायचे, आणि मग काही जण उगाच खुर्चीत बसून राहायचे. इतकी वर्षं दर महिन्याला कुणीतरी त्यांची वाट बघत होतं, भले ती बँक का असेना! तुमचंही कर्ज मार्चमध्येच फिटलंय.

टिळक-आगरकरांचा दाखला जरा जपून द्या. फर्ग्युसन कॉलेज काढणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी महिना पंचाहत्तर रुपये पगार घ्यायचा, हे खरं. पण त्यांनी बाहेरची कामं करावीत का, बाहेरून पैसे मिळवावेत का, याच वादात टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. इतकी ध्येयवादी माणसं, पण पैशाचा प्रश्न त्यांच्यातही मिटला नव्हता. तुमच्या राजीनाम्यानेही मिटणार नाही; घरातले वाद तेवढे वाढतील.

आता छापताना गाळलेल्या भागाकडे येते. फ्लॅटबद्दल तुम्ही दीड ओळ लिहिली आहे आणि सोसायटीच्या टँकरबद्दल अख्खं पान! वहीत नोंदलेले टँकर प्रत्यक्षात येतच नव्हते, म्हणून पहाटे उठून गेटवर मोजत उभे राहिलात, बिलं ताडून पाहिली, सेक्रेटरींशी भांडलात, वॉचमनला साक्षीला घेतलंत. बायको म्हणाली, तुम्हाला काय पडलंय. त्या पानावर सुखाचा शब्दही नाही, अक्षर मात्र भराभर चाललंय.

मला विचाराल तर नोकरी सोडू नका. तिच्यामुळेच तुम्हाला कुणाचे मिंधे न होता भांडता आलं. मुळशीची हौस असेल तर जुलैमध्ये महिनाभर भाड्याने राहा, कामाच्या दिवसांतसुद्धा, आणि छत गळायला लागलं की बायकोला फोन करा.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. टँकरचा विषय अजेंड्यावर यावा म्हणून सेक्रेटरींना आताच लेखी पत्र द्या, पोच घ्या. कमिटीत जागा रिकामी आहे का, तेही विचारा. बहुतेक असतेच, कारण ते काम कुणालाच नको असतं.