‘अगदी आपल्यासारखंच’ म्हणण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने आधीच फोन करून सांगितलं होतं, मग तुझी मेल आली. तुझ्या अमेरिकेतल्या कॉलेजातर्फे चार आठवडे आयर्लंड, बरोबर दोन प्राध्यापक, वीसेक मुलं आणि परत आल्यावर सहा क्रेडिट. ‘काकू, जाण्याआधी काय वाचू?’ असं तू विचारलं आहेस. वाचायची यादी तुझे सर देतीलच, आणि ती विमानात बसेपर्यंत कोणी पुरी करत नाही. मी तीन उन्हाळे अशा सहलींबरोबर शिकवायला गेले आहे. तेव्हा यादीत नसतं तेवढंच लिहिते.

आधी कटकटीचं काम. तुझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना आयर्लंडला जायला व्हिसा लागत नाही, म्हणून माहितीपत्रकात त्याबद्दल जेमतेम एक ओळ असेल. तुझा पासपोर्ट भारतीय. तुला व्हिसा लागतो आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला व्हिसा, तिथे चालत नाही. शिवाय कार्यक्रमात बेलफास्ट आणि डेरी ही शहरं असतील, तर ते उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटर सोडून मैलांत बोलायला लागल्या की समजायचं, देश बदलला. पण कायद्याला ते चालत नाही. भारतीयांसाठी दोन्ही देशांची मिळून बीआयव्हीएस नावाची व्हिसा योजना आहे, मात्र व्हिसावर ती अक्षरं छापलेली असली तरच तिचा उपयोग. तुझ्या प्रकारच्या व्हिसाला ती मिळते का, हे अर्ज भरायच्या आधी विचार. परत अमेरिकेत शिरायचं आहे, तेव्हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुदत आणि कॉलेजने दिलेल्या आय-२० या कागदावरची प्रवासाची सहीही बघून ठेव. एका वर्षी मी यात हयगय केली. आमच्या गटातली हैदराबादची मुलगी बेलफास्टच्या दोन दिवसांत डब्लिनच्या वसतिगृहात एकटी राहिली. चूक माझी होती, शिक्षा तिला झाली.

आता खरं बोलणं. तिथे पोचल्यावर दोन दिवसांच्या आत तुझ्या तोंडून एक वाक्य निघणार: ‘अगदी आपल्यासारखंच!’ माझ्याही निघालं होतं. कोणाच्या घरी गेलीस की चहा विचारतील. तू ‘नको’ म्हटलंस तर ते नको धरणार नाहीत, पुन्हा विचारतील, तिसऱ्यांदा कप हातातच येईल. अमेरिकन मुलं बिचारी पहिल्या ‘नको’वर ठाम राहतात आणि यजमानीण हिरमुसते. तुला हा आग्रह घरचाच आहे. बसमधून उतरताना चालकाला ‘थँक्यू’ म्हणतात, तेवढं मात्र शिकून घे.

भाषेचंही तसंच. गेलिकमध्ये, म्हणजे आयरिशमध्ये, भूक लागली हे ‘तॉ ओकरस ओरम’ असं सांगतात. शब्दशः, भूक माझ्यावर आहे. इंग्रजीत भुकेला माणूस असतो, त्यांच्याकडे आणि आपल्याकडे भूक येऊन माणसाला लागते. दुःखही तसंच माणसावर येतं. ‘टू हॅव’साठी वेगळं क्रियापद नाही, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ अशीच रचना. तुझ्या वर्गातल्या मुलांना याचं व्याकरण समजवावं लागेल, तुला नुसतं दाखवलं की पुरेल.

मग हेच वाक्य अडखळायला लागतं. आयरिश ही तिथली घटनेने पहिली राजभाषा. रस्त्यांच्या बहुतेक पाट्यांवर वर आयरिश, खाली इंग्रजी. शाळेत सगळे शिकतात. २०२२च्या जनगणनेत सुमारे १९ लाख लोकांनी ‘येते’ म्हणून सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या आसपास. ‘मराठीचं काय होणार’ अशी काळजी आपण करतो, ती काही कोटी लोक घरात मराठी बोलत असताना करतो. दोन्ही दुखण्यांना एकच नाव देऊ नकोस. तिथली शाळकरी मुलं उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे पश्चिमेकडच्या गेलटाक्टमध्ये, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात, घरगुती राहून आपलीच भाषा शिकायला जातात. त्या घरच्या बाईला ‘बान अन टी’ म्हणतात, घरची बाई. म्हणजे त्या उन्हाळ्यात आपली ओळख शोधायला प्रवास करणारी तू एकटी नसशील.

गावांच्या नावांचा वाद तर तुला ओळखीचाच वाटेल. मुंबई, ठाणे, पुणे यांची इंग्रजांनी काय गत केली ते आपण जाणतो, तशीच तिथे हजारो गावांची झाली. पण केरीमधल्या डिंगलची गोष्ट ऐक. २००५ मध्ये सरकारने या गावाचं इंग्रजी नाव अधिकृत वापरातून काढलं आणि फक्त ‘अन दांगन’ ठेवलं. आपल्याला वाटेल, गावाने गुलाल उधळला असेल. गावकऱ्यांनीच विरोध केला. परदेशी पाहुण्यांना डिंगल माहीत, आणि गाव त्यांच्यावर चालतं. मतदान झालं, लोकांना दोन्ही नावं हवी होती, आणि पुढे कायदा बदलून ते डिंगल परत आलं. या गावात कोणाशी बोलताना आधी आपलं मत सांगू नकोस.

दुष्काळाच्या संग्रहालयात, रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनला, तुम्हाला नक्की नेतील. १८४५ ला बटाट्यावर करपा आला. १८५२ पर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त लोक होते, आजही तो आकडा परत गाठलेला नाही. तुझ्या वर्गातल्या चार-पाच जणांची खापरपणजी त्यांतल्या कुठल्या तरी जहाजातून आलेली असेल आणि ती मुलं तिथे रडतील. रडू देत. तुला तिथे शोधायला पूर्वज नाही, हे तुझ्या फायद्याचं आहे. त्यांना आपलं घर दिसेल, तुला हिशेब दिसेल: जमीन कोणाची, भाडं किती, कोणी काय लिहून ठेवलं.

आणि हिशेब करायला बसलीस की आपला हिंदुस्थान मध्ये येतोच. ‘त्यांच्यावर इंग्रज, आमच्यावर इंग्रज’ हे ऐकायला बरं वाटतं. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकल ओड्वायर आयर्लंडमधल्या टिपररीचा. गोळ्या चालवायचा हुकूम देणारा डायर आपल्याकडे, आता पाकिस्तानात असलेल्या मरीला जन्मला, पण शाळा शिकला कॉर्कजवळच्या मिडलटनमध्ये. त्याच पंजाबात, दुसऱ्याच वर्षी, जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत ब्रिटिश फौजेतल्या कॉनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या, कारण गावी ब्रिटिशांनी चालवलेल्या जुलमाच्या बातम्या त्यांना कळल्या होत्या. ते बंड सोलनच्या छावणीतही पोचलं, तिथला पुढारी जेम्स डेली. त्याला नोव्हेंबरमध्ये दगशाईला गोळ्या घातल्या आणि १९७० मध्ये त्याच्या अस्थी आयर्लंडला गेल्या. एवढासा देश, दोन वर्षांच्या आत आपल्याकडे ही सगळी माणसं. डेलीचं बंड स्वतःच्या घरासाठी होतं, आपल्यासाठी नव्हतं, हेही लक्षात ठेव. मी वर्गात पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्याला आपला हुतात्मा करून टाकलं होतं. एका म्हाताऱ्या आयरिश श्रोत्याने नंतर हळूच येऊन मला दुरुस्त केलं.

मिडलटनला वेळ मिळाला तर जा. तिथल्या बागेत स्टीलची नऊ पिसं उभी आहेत, प्रत्येक वीस फुटांचं, वाटीसारखी गोल रचलेली. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांनी, स्वतः घरादारासकट हाकलले गेल्यावर वीसेक वर्षांच्या आतच, आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी पैसे गोळा करून पाठवले होते, त्याची ती आठवण. एकाच गावात ही पिसं आणि डायरची शाळा. तुझ्या सरांच्या कार्यक्रमात हे जोडीने नसेल. तू कोणाला तरी बरोबर घे आणि दोन्ही बघ.

बेलफास्टला मात्र तोंड आवर. तिथे ‘तू कॅथलिक की प्रोटेस्टंट?’ असं सरळ कोणी विचारत नाही. शाळा कोणती ते विचारतात. ‘एच’ अक्षर ‘हेच’ म्हणतेस की ‘एच’, ते कानाने टिपतात. डेरी म्हणालीस की लंडनडेरी, यावरूनही एक नोंद होते. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड यांच्या मधली भिंत बघशील. तिच्यातली काही फाटकं अजून रात्री बंद होतात, १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार होऊनही. ही सगळी चौकशी तू ओळखशील. ‘आडनाव काय? मूळचे कुठले? पुण्यात कुठे राहता?’ यातून आपल्याकडे काय काढून घेतात, ते तुला मी सांगायला नको. अगदी आपल्यासारखंच, हे वाक्य तिथे कौतुकाने म्हणता येत नाही. टॅक्सीवाला जे सांगेल ते ऐक, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पलीकडच्या टॅक्सीवाल्याचंही ऐक.

संगीताबद्दल एकच. क्लेअरच्या एका पबमध्ये आमच्या मुलांनी ठेका धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण एकमेकांकडे तोंड करून वाजवत होते. मंच नाही, माइक नाही, आपलं भजनी मंडळ बसतं तसं. फिडलवाल्याने वर बघितलं नाही, ती चाल पुरी केली, वाद्य मांडीवर ठेवलं आणि सावकाश बिअर प्यायला. वीस मिनिटं काही वाजलं नाही. आम्ही पैसे देऊन निघालो आणि दाराबाहेर पडेपर्यंत आत पुन्हा सुरू. तेव्हा फर्माइश करू नकोस, टाळ्यांचा ठेका धरू नकोस, फोन खिशात ठेव.

मराठी आहे म्हटलंस की कोणी तरी लिओ वराडकरांचं नाव काढेल. २०१७ मध्ये तिथले पंतप्रधान झाले, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तेवढ्यावर गप्पा थांबवू नकोस. बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गॉलवेच्या इस्पितळात वारली, गर्भपात नाकारला गेल्यानंतर. २०१८ च्या सार्वमतात गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवताना तिचा फोटो भिंतींवर होता. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या दूतावासाला सावध राहा अशी सूचना काढावी लागली. तुझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही. रात्री उशिरा एकटी फिरू नकोस. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यावर जाऊ नकोस, घड्याळ बघ.

हां, ती हैदराबादची मुलगी. डब्लिनमध्ये अडकली ते दोन दिवस ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून होती. तिथे भांडी घासणारी बाई ब्राझीलची, रात्रपाळी करून येणारी नर्स केरळची. त्यांच्या मुलांना शाळेत आयरिश शिकवतात आणि घरी आल्यावर ती मुलं आईला शब्द शिकवतात. तिने शेवटचा निबंध त्यावर लिहिला. बेलफास्ट बघून आलेल्या एकोणीस जणांत तिच्या तोडीचा एकही नव्हता, आणि ते कबूल करताना मला फार बरं वाटलं नाही.

छत्री नेऊ नकोस, वारा उलटी करतो. टोपीवाला रेनकोट ने. येताना मला तिथली चहाची मोठी पेटी आण, इथे मिळते ती पाण्यासारखी.

तुझी,
काकू