तेल सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड उतरेना

प्रश्न : माझं ट्रायग्लिसराइड २८० आलं. तीन महिने तेल-तूप जवळजवळ बंद ठेवलं, तरी दुसऱ्या तपासणीत २९५! चुकतंय कुठे?

उत्तर : ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. ते उपाशीपोटी १५० च्या आत (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) असणं योग्य. २०० ते ४९९ म्हणजे जास्त. या टप्प्यात रक्तातली बरीचशी चरबी तुमच्या यकृतानेच तयार केलेली असते, आणि तिचा कच्चा माल असतो साखर, मैदा आणि दारू. तेल बंद केलं की भूक बहुधा ब्रेड, बिस्किटं, फळांचा रस यांवर भागवली जाते आणि आकडा तिथेच राहतो.

एकदा दिवसभराची साखर मोजाच. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे ३२ ग्रॅम. त्यात २०० मिली रसाचे साधारण २० ग्रॅम धरा. रसाऐवजी अख्खं फळ खा, चहाची साखर बंद करा आणि दारू पूर्ण सोडा. काही जणांच्या बाबतीत रोजचे एक-दोन पेगही आकडा चढायला पुरतात. वजन जास्त असेल, तर ते ५ ते १० टक्के घटल्यावर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांनी उतरू शकतं. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं (दोन्ही मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि मंदावलेलं थायरॉइड ही नेहमी सापडणारी कारणं. स्टेरॉइड, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही आकडा चढतो. चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा, परस्पर बंद करू नका.

प्रश्न : रिपोर्टवर एलडीएलची जागा रिकामी आहे. ट्रायग्लिसराइड ४५०, एकूण कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ३५.

उत्तर : एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, गणिताने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र फसतं, म्हणून प्रयोगशाळेने जागा रिकामी सोडली. ते बरोबरच केलं. थेट मोजलेलं एलडीएल मागा, किंवा २४० उणे ३५, म्हणजे २०५ हे नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल) डॉक्टरांसमोर ठेवा. हा आकडाही जास्तच आहे. पुढच्या वेळी १२ तास उपाशी राहून रक्त द्या (पाणी चालतं) आणि आधीचे तीन दिवस दारू टाळा.

प्रश्न : भावाचं ट्रायग्लिसराइड ११५० आहे. त्याला डॉक्टरांनी तेलच तोडायला सांगितलं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पुरणार नाहीत का?

उत्तर : नाही. आणि डॉक्टरांचं बरोबर आहे, कारण इथे नियम उलटतो. रक्तातली चरबी फोडणारं विकर (एन्झाइम) एवढ्या भाराला पुरं पडत नाही, त्यामुळे जेवणातली चरबीही रक्तातच साचून राहते. सगळी मिळून चरबी उष्मांकाच्या १० ते १५ टक्क्यांवर आणावी लागते, काही वेळा त्याहूनही खाली. १८०० कॅलरींच्या आहारात ती २० ते ३० ग्रॅम होते. दूध, अंडी, दाणे, मांस यांतली चरबी धरून. साखर आणि दारू अर्थातच बंद.

दुकानातल्या १००० मिग्रॅच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए, म्हणजे कामाचं ओमेगा-३, बहुधा ३०० मिग्रॅच असतं. उपचाराचा डोस दिवसाला सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे अशा तेरा कॅप्सूल! शिवाय या डोसला हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध) लिहून दिलं असेल, तर ते नियमित घेऊ द्या. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) चालू असताना फेनोफायब्रेटच्याच गटातलं जेमफायब्रोझिल मात्र टाळतात; दोन्ही मिळून स्नायूंना इजा होऊ शकते.

खरी भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी जोरदार कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर तडक रुग्णालय गाठा आणि पोहोचताच हा ११५० चा आकडा सांगा. रक्तात एवढी चरबी असताना अमायलेज या स्वादुपिंडाच्या विकराची तपासणी खोटीच नॉर्मल येऊ शकते. लायपेज हे त्याचं दुसरं विकर तपासायला सांगा.