घरात वाढलेले मांजर हरवल्यास

आपले मांजर परवापासून घरी आलेले नाही हे वाचून जीव कळवळला, परंतु धीर सोडू नका. कधीही उंबरठा न ओलांडलेले मांजर सहसा लांब जात नाही. ते भेदरून मिळेल त्या आडोशाला दडते आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के ५०० मीटरांच्या आतच मिळाली होती. म्हणून लांबचा समुद्रकिनारा धुंडाळण्याआधी लाकूडफाट्याची रास, गवताची उडवी, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटी आणि शेजाऱ्यांचा मांगर, म्हणजे सामानाची खोप, स्वतः वाकून पाहावा; नोकरीसाठी शहरात राहणाऱ्या चाकरमान्यांची कुलूपबंद घरेही किल्ली मागवून उघडून घ्यावीत.

खरा शोध मध्यरात्रीनंतर, वाडी निजल्यावर घ्यावा. विजेरी डोळ्यांच्या पातळीवर धरून सावकाश फिरवावी, म्हणजे मांजराचे डोळे चमकतात. आमची मनी पाचव्या रात्री मांगरातील सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगामागे अशीच दिसली, आधी केवळ दोन हिरवे ठिपके. मी जमिनीवर बसून भाजलेल्या बांगड्याचा तुकडा पुढे सरकवला आणि ती बाहेर येईपर्यंत पाऊण तास हललो नाही. पकडायला झेप घेतली असती, तर ती पुन्हा निसटली असती.

आठवडा उलटला तरी शोध थांबवू नका. त्याच अभ्यासात एक तृतीयांश मांजरे ७ दिवसांत मिळाली, तर वर्षभरात ६१ टक्के. मांजर सापडल्यावर मात्र त्याला त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे, कारण दीर्घ उपासाने यकृत बिघडू शकते.