व्यायाम दर वेळी आठ-दहा दिवसांत बंद पडतो, काय करू?

दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे पाचचा गजर, तासभर व्यायाम, साखर बंद असं सगळं एकदम सुरू करता आणि रात्रपाळीमुळे एक दिवस चुकला की सगळंच सुटतं, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी साताऱ्याची. इथं सकाळचा व्यायाम म्हणजे अजिंक्यतारा. उजाडायच्या आधीच माणसं चढायला लागतात. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आली तेव्हा मीही ठरवलं, रोज किल्ला. जूनपर्यंत जमलं. मग पावसानं धरलं. तीन दिवस जाणं झालं नाही, चौथ्या दिवशी उघडीप होती तरी उठले नाही. खंड पडलाच आहे तर आता श्रावणापासून, म्हटलं. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीही गेली.

पुढच्या वर्षी एकच बदल केला. कितीही वाईट दिवस असला तरी दहा मिनिटं चालायचं, अगदी पार्किंगमध्ये का होईना. जमलं तर किल्ला, नाहीतर ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत, तेही नाही तर ही दहा मिनिटं. आणि लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चढ झाला की गोल, नुसतं चालणं झालं की टिंब. त्या जुलैचं पान मी अजून जपून ठेवलंय: नऊ गोल, सतरा टिंबं, पाच घरं कोरी. ऑगस्टमध्ये मला परत किल्ल्यावर नेलं ते त्या टिंबांनी.

दहा मिनिटं पुरत नाहीत, हे खरं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण ती दहा मिनिटं साखरेसाठी नसतातच, दुसऱ्या दिवशी बूट घालणं जड जाऊ नये म्हणून असतात.

एकवीस दिवसांत सवय लागते हेही डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी पाहिल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला सगळ्यात धीर दिला तो त्यातल्या दुसऱ्या गोष्टीनं: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

साखर मी बंद केली नाही. चहात दोन चमचे होती, ती दीडवर आणली, महिन्याभरानं एकावर. घरी कंदी पेढे आले की एक खाते.

तुम्ही पाचचा गजर काढून टाका. रात्रपाळी करून आल्यावर तुमच्यानं काय होईल, तेवढंच आधी ठरवा. घरात शिरायच्या आधी बिल्डिंगला दोन फेऱ्या होतील का? बूट तर पायात असतातच.