गणपतीला गावी नेताना मुलांना देवाबद्दल काय सांगावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलं ठाण्यात वाढतायत, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचाची. गणपतीला मालवणजवळ सासरच्या घरी जायचं आहे. मुलगा आरतीला उभं राहायला कुरकुरतो आणि 'देव खरंच असतो का' म्हणून विचारतो. मुलगी, कुणीतरी 'बाप्पा शिक्षा करील' म्हटल्यापासून देवघराच्या दारातही जात नाही. जबरदस्ती न करता त्यांना हे सगळं आपलं कसं वाटावं?

आधी धाकटीचं बघा, ते तातडीचं आहे. जेवली नाही, खोटं बोलली, हट्ट केला की देवाला पोलीस करायचं, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. धाक दोन दिवस चालतो आणि मग मूल देवालाच टाळायला लागतं. गावी जाण्याआधी घरच्या मोठ्यांना फोन करून स्पष्ट सांगा की काही चुकलं तर आम्ही रागावू, देवाचं नाव मध्ये नको. हा फोन नवऱ्याला करू दे. सून बोलली की त्याचा वाद होतो, मुलगा बोलला तर आई ऐकून घेते. शिमग्याला जाणार असाल तर खेळातल्या संकासुराच्या सोंगाचंही हेच. काळा वेश, उंच टोपी, मोठमोठे आवाज. आपल्याला गंमत वाटते, पाच वर्षांच्या मुलीची झोप उडते. सोंग घेणाऱ्याला मुखवटा चढवण्याआधी भेटवा.

मग तिला काम द्या. दुर्वा तिच्याकडे सोपवा: तीन किंवा पाच पात्यांचे कोवळे शेंडे खुडायचे आणि २१ दुर्वांची एक जुडी दोऱ्याने बांधायची. पाचव्या वर्षी २१ मोजताना चुकतं, चुकू दे, जुडी बांधताना तुम्ही मोजून घ्या. खुडायला मात्र मोठ्या माणसाबरोबर आणि पायात बूट घालूनच. पावसाळ्यात गवतात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं आणि ते चटकन दिसत नाही.

नऊ वर्षांच्या मुलासाठी माटवी. गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला रानातली फळंफुलं बांधायची असतात: आंब्याचे टाळ, सुपारीचे घड, नारळ, तवसं, कांगलं, हरणं, शेरवडं, लालभडक कवंडाळ. आजोबा किंवा काका रान फिरायला निघाले की मुलाला सोबत पाठवा. कोणतं काय, कुठे उगवतं, कशाला हात लावायचा नाही, हे त्यांच्यासारखं तुम्हाला-मला सांगता येणार नाही. दोन गोष्टी निघण्याआधी बजावा. कवंडाळ कितीही छान दिसलं तरी खायचं नाही. आणि कळलावी ही लाल-पिवळ्या फुलांची रानवेल मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, तिला हात लागला तर साबणाने धुवायचा. देवाच्या निमित्ताने मुलाला पंधरा-वीस वनस्पती ओळखता आल्या, तर मी ते संस्कारांतच धरते.

स्वयंपाकघरात दोघांनाही घ्या, पण उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला बसवू नका. उकड हाताला गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारी चिरते, मुलं रडतात आणि मोठ्यांची चिडचिड होते. उरलेली उकड त्यांची: मीठ, जिरं, वाटलेली मिरची घालून चपट्या निवग्र्या थापायच्या. त्या बिघडत नाहीत आणि वाफवल्या की लगेच खाता येतात.

आरतीचं सोपं आहे. कोकणात आरती एकदा सुरू झाली की तासभर चालते, एवढा वेळ शहरातलं मूल उभं राहत नाही, आणि राहावं असंही नाही. पहिल्या दोन आरत्यांना हातात टाळ देऊन उभं करा, मग सोडा, मंत्रपुष्पांजलीला परत बोलवा. निरांजनाचं ताट धाकटीच्या हाती नको.

आता मुलाचा प्रश्न. त्याला खरं तेच सांगा: आजीला खात्री आहे, बाबांना तितकीशी नाही, मला अमुक वाटतं. वडीलधाऱ्यांची मतं वेगळी असली म्हणून मुलं गोंधळत नाहीत, खोटं बोललेलं त्यांना बरोबर कळतं. 'मातीच्या मूर्तीत देव कसा येतो' हे तो विचारणारच. त्याचं उत्तर विधीतच आहे. बाजारातून आणलेली मूर्ती म्हणजे माती, प्राणप्रतिष्ठा झाली की देव, आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, म्हणजे देवाला निरोप दिला. त्या क्षणी त्याला समोर बसवा. पटलं नाही तरी चालेल, पण मोठी माणसं असं का करतात ते त्याला कळू द्या.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते गाऱ्हाणं. जाणता माणूस हात जोडून 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो. घरातल्या, मुंबईला गेलेल्या, आजारी, परीक्षेला बसलेल्या सगळ्यांसाठी मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. मुलांना हे विलक्षण आवडतं, कारण ओरडायला मिळतं. एका संध्याकाळी मुलालाच गाऱ्हाणं घालायला लावा. तीन वाक्यं पुरेत: एक स्वतःसाठी, एक घरातल्या कुणासाठी, एक घराबाहेरच्या माणसासाठी. तिसऱ्या वाक्याला तो अडेल, तिथे घाई करू नका. एकच पथ्य: 'पहिला नंबर दे, मी नारळ देईन' असला व्यवहार शिकवायचा नाही. नंबर आला नाही की मूल एक तर देवाला खोटं ठरवतं, नाहीतर स्वतःला. 'अभ्यासाला बसायची बुद्धी दे' इतपत ठीक. ताप आला, काही चावलं, तर आधी दवाखाना, अंगारा नंतर. हा क्रम मुलांच्या डोळ्यांदेखत पाळा.

विसर्जनाचं धाकटीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: दीड किंवा पाच दिवसांनी बाप्पा जाणार, पुढच्या वर्षी येणार. आयत्या वेळी कळलं तर ती आकांत करते आणि लोक हसतात. किनाऱ्यावर भरतीची वेळ विचारून जा, मुलं कोरड्या वाळूत, पाण्यात फक्त मोठे. परतताना पाटावर थोडी वाळू आणतात, ती तिच्या हाती द्या.

मुलगी दहा-अकराची होईल तेव्हा पाळी आणि देवघर हा विषय निघेलच. नवराबायकोंनी आताच एकमत करून ठेवा, तेव्हा आजीसमोर भांडू नका.

ठाण्यात परतल्यावर फार काही नको. तिन्हीसांजेला दिवा, शुभंकरोती, झालं. मिनिटभराचं काम आहे, पण टीव्ही बंद हवा आणि तुम्ही स्वतः बसायला हवं.

आणि माटवी आदल्या दिवशीच बांधून होते, त्यामुळे चतुर्थीच्या सकाळी पोहोचून उपयोग नाही, निदान दोन दिवस आधी जा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, तेव्हा तारीख आजच मोजून ठेवा.