सूर्यावर छत्री धरायची, तर शिकायचे काय?

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातून आपण पाठवलेले पत्र आणि सोबतचे वहीचे पान मिळाले. अकरावी विज्ञानाच्या 'अ' गटात शिकणाऱ्या आपल्या कन्येला अवकाशात छत्र्या उभारून तापमानवाढ रोखण्याचे काम करायचे आहे. तिच्या वडिलांना हे खूळ वाटते आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेऊन तिने बडोद्यातच राहावे असा त्यांचा आग्रह आहे, असे आपण लिहिता.

आधी वडिलांच्या बाजूने. अशी छत्री आजवर कोणी उभारलेली नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ रॉजर एंजल यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात १.८ टक्के सूर्यप्रकाश अडवण्यासाठी ग्रॅमभर वजनाच्या सुमारे १६ लाख कोटी चकत्या, म्हणजे जवळपास २ कोटी टन माल, अवकाशात धाडायचा होता. शिवाय सावलीने हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत नाही आणि समुद्राचे आम्लीकरणही थांबत नाही. केवळ या एका कल्पनेवर भिस्त ठेवून प्रवेश घेऊ नये, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे.

पण ते पान मी दोनदा वाचले. सूर्य आणि पृथ्वी यांचे गुरुत्वाकर्षण समान मांडून तिने एल-१ बिंदूचे, म्हणजे सूर्य-पृथ्वी रेषेवर छत्री जेथे उभारायची त्या समतोलाच्या जागेचे, पृथ्वीपासूनचे अंतर २.६ लाख किलोमीटर काढले आहे. प्रत्यक्षात ते सुमारे १५ लाख किलोमीटर असून आपले आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तेथेच फिरत आहे. तिने उत्तर खोडले नाही, तर शेजारी 'हे तर चंद्राच्याही अलीकडे! कसे?' असे लिहून ठेवले. त्या बिंदूवरची वस्तूही पृथ्वीबरोबर वर्षाला सूर्याभोवती एक फेरी घालते, आणि त्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल समीकरणात आणले की उत्तर जुळते, एवढे तिला सांगावे. छत्रीसारख्या हलक्या, पसरट वस्तूवर सूर्यप्रकाशाचाही दाब पडतो, तेव्हा समतोलाची जागा कोणीकडे सरकेल, हे तिचे तिलाच काढू द्यावे. स्वतःच्या उत्तरावर शंका घेणारी मुले माझ्याकडे फार येत नाहीत. टक्केवारी सांगणारी पुष्कळ येतात.

तिचा हा कल यामिकीकडे, म्हणजे एरोस्पेस किंवा भौतिकशास्त्राकडे आहे. एल-१ वरचा समतोल अस्थिर असल्याने तेथे यान टिकवणे ही स्वतंत्र विद्याच आहे, आणि छत्री झाली नाही तरी उपग्रहांना ती लागतेच. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशविज्ञान संस्थेचा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून होतो. दुसरी वाट हवामानाच्या प्रतिमानांची, म्हणजे संगणकावरील मॉडेल्सची: बंगळुरूच्या आयआयएससीत गोविंदसामी बाला यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. सूर्यप्रकाश कमी करून तापमान पूर्ववत केले तरी जगाचे सरासरी पर्जन्यमान घटते, असे ही प्रतिमाने दाखवतात. मान्सूनवर जगणाऱ्या देशाला हा प्रश्न छत्रीहूनही मोठा आहे. मात्र त्या पानावर पावसाचा उल्लेखही नाही, म्हणून पहिली वाट आधी.

घर सोडायचे नसेल, तर सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बीएस्सी करून पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा देता येते. आदित्यवरील अॅस्पेक्स हे सौरवाऱ्यातील कण मोजणारे उपकरण ज्या पीआरएलने (भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने) घडवले, ती संस्था अहमदाबादेतच आहे. प्रोग्रॅमिंग दोन्ही वाटांवर लागणार असल्याने ते तिने आतापासून शिकावे. वडिलांचा आग्रह तेवढ्यापुरता जरूर मानावा. मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आयसर संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते; तिचा अर्ज बारावीच्या वर्षी आठवणीने भरावा.