सोलापुरात नवीन आलोय, आजच्या मराठी कादंबऱ्यांची गोडी कशी लागेल, आणि इथं कलेचं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सोलापुरात आलात, वाचायची आवड आहे पण ती जुन्या गाजलेल्या पुस्तकांपाशीच थांबलीय, आताचं काही हातात घेतलं की दहा पानांच्या पुढं सरकत नाही, आणि इथं कलेबद्दल कुणाला विचारलं की चादर नाहीतर शेंगाचटणी एवढंच ऐकायला मिळतं. चादर हे उत्तर बरोबरच आहे हो, फक्त सांगणाऱ्यानं ते पुढं सांगितलं नाही. माझं कामच टेक्स्टाइल डिझाइनचं, वडीलही तेच करायचे, म्हणून जरा लांबलचक होईल, सवडीनं वाचा.

आधी पुस्तकं. नव्या पुस्तकांकडं वळताना "गेल्या वीस वर्षांतल्या श्रेष्ठ कादंबऱ्या" वगैरे याद्या शोधू नका, तुम्ही आत्ता जिथं राहताय तिथून सुरू करा. तुळजापूर इथून 45 किलोमीटरच्या आसपास, तिथले देवीदास सौदागर, ज्यांनी स्वतः शिलाई मशीनवर बसून पोट भरलंय, त्यांची 'उसवण' ही कादंबरी घ्या, 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. रेडिमेड कपडे आले आणि शिंपीकाम करणाऱ्या माणसाचं काय झालं, एवढीच गोष्ट आहे. पण ती सोलापुरात बसून वाचण्यात वेगळंच काहीतरी आहे, कारण हे गाव गारमेंटचं, शाळांचे युनिफॉर्म इथं शिवून बाहेर जातात, म्हणजे तिकडं ज्या तयार कपड्यानं एकाचं मशीन बंद पडलं तसलाच कपडा इकडं दुसरी कुणीतरी मशीनवर बसून शिवतीय आणि त्यावर तिचं घर चाललंय. कारखाने सुटायच्या वेळेला रस्त्यावर डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका दिसतील तुम्हाला. कादंबरीत त्या नाहीत, पण ती वाचून झाल्यावर त्या दिसायला लागतात. मला तरी नव्या पुस्तकांची ओढ लागली ती इथून.

दुसरी 'फेसाटी', नवनाथ गोरेंची, तिला 2018 चा युवा पुरस्कार. ते जत तालुक्यातले, सांगली जिल्हा म्हणायचा फक्त, जत आपल्या मंगळवेढ्याला लागूनच. दुष्काळ, गरिबी, त्यातून शिकायची धडपड, आणि सगळं तिकडच्याच बोलीत. तुम्ही बाहेरचे आहात तर सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचा, खरंच सांगते, डोळ्यांना अडतं ते कानाला अडत नाही. आणि ऑफिसातला शिपाई किंवा रिक्षावाला ज्या लयीत "काय करायलाव", "कुठं निघालाव" म्हणतो ती लय एकदा कानात बसली की ही पुस्तकं आपोआप पुढं जातात.

शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, त्यांचं 'अक्करमाशी' 1984 चं आत्मकथन, म्हणजे तुमच्या "आताचं" मध्ये बसत नाही आणि कादंबरीही नाही, तरी वाचाच, छोटं आहे पण एका बैठकीत संपवायच्या नादाला लागू नका, झेपत नाही. मग त्यांची 'सनातन' घ्या, तिला 2020 चा सरस्वती सन्मान मिळालाय.

एवढं झालं की लांबचं वाचा. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' कोकणातली, कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेला धरून आजच्या काळाबद्दल बोलते. ती वाचताना मला सारखं वाटत होतं की सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या मागांवर असं कुणीतरी लिहायला पाहिजे. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड, आणि दिवसभर यंत्रमागाची खटखट. 1877 साली इथं कापडगिरणी सुरू झाली, तिलाच आता जुनी मिल म्हणतात, नंतर बाकीच्या मिल आल्या, मग त्या बंदही पडल्या, माग मात्र घराघरात, गाळ्यागाळ्यात चालत राहिले. केवढा ऐवज आहे यात, असली जाडजूड कादंबरी मला वाचायचीय.

आता चादर. विकत घ्यायला जाल तेव्हा आधी उलटी करून बघा. खऱ्या सोलापुरी जकार्ड चादरीत डिझाइन दोन्ही बाजूंना असतं, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते, इकडं मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरं फूल तर तिकडं पांढऱ्यावर मरून रंगाचं. हे छापलेलं नाही, विणलेलं आहे. वडिलांच्या टेबलावर मोठा ग्राफ पेपर अंथरलेला असायचा, त्यातला एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथं भेटतात ती एक जागा, आणि ते बारीक ब्रशनं एकेक चौकोन भरत बसायचे. मोराच्या पिसाऱ्याची कड गोल दिसायला पाहिजे पण धागा तर वळत नाही, तो वर येतो नाहीतर खाली जातो, म्हणून ती गोलाई पायऱ्या पायऱ्यांनी भरायची, आणि एक पायरी चुकली की मोराची मान मोडल्यासारखी दिसायची. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओळीनं एकाला एक शिवायचे आणि मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्ड यंत्राला चढवायचे, जिथं भोक तिथला धागा उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो. आता ग्राफ कॉम्प्युटरवर भरतो आम्ही, पण गोलाईची अडचण तीच आहे अजून.

चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, छान झालं, पण डिझाइन कुणी काढलं हे दुकानात कुणी विचारत नाही आणि लेबलवरही नसतं. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, चादरीवर हात राबवणाऱ्याचं नसतं, आणि म्हणूनच मला आजच्या या कादंबऱ्या इतक्या जवळच्या वाटतात, त्यांच्यात असली बिननावाची माणसं मधोमध येऊन बसलीत. तुम्ही दुकानात विचारा, "हे डिझाइन कुणाचं?" उत्तर मिळेलच असं नाही पण विचारत जा.

बाकी कलेचं म्हणाल तर गणपतीच्या आधी संध्याकाळी मैदानांवरून लेझीमचा आवाज येईल, तिकडं चालत जा. मिरवणुकीत सगळेच बघतात, पण सराव बघण्यात जास्त मजा आहे, शिट्टी वाजली की सगळी रांग एकदम खाली बसते, उठते, डाव बदलतो, एखाद्या पोराचा पाय चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, गड्डा म्हणतात इथं, तेव्हा सुट्टी टाकाच. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या तोलत चालतात, आणि सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, तर चुकवूच नका, गर्दी प्रचंड असते, लवकर जाऊन जागा धरा.

नाटक आवडत असेल तर हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीवर लक्ष ठेवा, तिकीट अगदी नाममात्र. दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणारी माणसं असतात ती, सगळेच प्रयोग जमलेले नसतात, पण जमलेला एखादा बघितलात की पुढच्या वर्षी तुम्हीच लोकांना ओढून न्याल.

पुस्तकं लगेच विकत घेऊ नका, हिराचंद नेमचंद वाचनालयात नाव नोंदवा. आणि कादंबरी जड जात असेल तर तिथं दिवाळी अंक मागा, जुने मिळाले तरी चालतील, नव्या लेखकांच्या कथा आधी तिथंच सापडतात. एखादी कथा आवडली की लेखकाचं नाव वहीत लिहून ठेवायचं आणि काउंटरवर विचारायचं यांचं अजून काही आहे का.